नीळकंठाचा आठ

नीळकंठ पिंपळखुटे याने आयुष्यात परीक्षा फार थोड्या दिल्या. तयारी मात्र सगळ्यांची केली. वकिलीची तयारी चालली ती चष्मा बदलण्यापर्यंत. मग होमिओपॅथी आली; तिच्या गोड गोळ्या गल्लीतल्या पोरांनी संपवल्या. मधल्या काळात तो फोटोग्राफीही शिकला, म्हणजे कॅमेरा गळ्यात घालून गावभर फिरला. असा माणूस विमान चालवायला निघाला याचे मला नवल वाटले नाही. नवल वाटले ते लोकांनी त्याला खरे मानले याचे.

पण दिवसच तसे होते. चीनची लढाई नुकतीच संपली होती. यवतमाळच्या बायका जवानांसाठी स्वेटर विणत होत्या, कुणी हातातल्या बांगड्या काढून दिल्या होत्या. अशा हवेत नीळकंठासारखा वकिलाचा मुलगा म्हणाला की मी नागपूरला विमान शिकतो आहे, देशाला कधीही गरज पडेल, तर त्याला ‘दाखव’ कोण म्हणणार? महिन्यातून दोनदा तो नागपूरला जायचा आणि परतला की एसटीतून उतरताना आधी आभाळाकडे बघायचा. चैत्राच्या तोंडाशी, जेव्हा आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हा हा चामड्याचे जाकीट घालून पोस्टात जायचा. डोळ्यांवर मोठा गॉगल. कुणी हाक मारली तर मान सावकाश वळवायची, जणू मानेलाही इंजिन आहे.

त्याचे घर आमच्या घराला पाठ लावून. मधे कमरेएवढी भिंत, त्यामुळे त्याची तयारी मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज दिसे. सकाळी डोळे मिटून झोपाळ्यावर उंच झोके, भोवळ मोडावी म्हणून. मग अंगणात स्वतःभोवती गिरक्या. त्याची आई जवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी. हरभऱ्याची डाळ तिने त्या घरातून हद्दपार केली होती, कारण वर गेल्यावर पोटात वारा धरतो असे तिचे मत होते. विमानाबद्दल त्या घरात ज्याचा त्याचा शोध होता. विमान तेवढे कुणाला विचारत नव्हते.

गच्चीवर त्याने एक बांबू उभा केला आणि त्याला जुन्या पायजम्याची एक नळी बांधली. वारा कुठून येतो ते वैमानिकाला कळावे लागते म्हणे. आमच्याकडे लोहाऱ्याहून दूध घालणारी धुरपताबाई पहिल्या दिवशी ते बघून थबकली.

“काय वं बाई, लेंगा वाळवून राह्यले का वकिलाघरी? एकच पाय दिसते.”

मी सांगितले, वाऱ्याची दिशा बघतात.

“दिशा कायले पाह्यते? एका पायानं जाऊन जाऊन जाईन कुठं?” असे म्हणून ती माप घालून निघून गेली.

मी हसले खरी, पण मला त्या पायजम्याकडे बघून हसत बसायची सोय नव्हती. याच नीळकंठाचे आमच्या पद्मजासाठी चालले होते. पद्मजा माझी नणंद, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणे, कलेक्टर कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. त्यांची माणसांबद्दलची समजूत सरळ होती: परीक्षा पास झाला तो माणूस, नापास झाला तो उमेदवार. पत्रिका जुळली होती, घराणे माहितीतले होते. त्यांनी वकिलीणबाईंना, म्हणजे नीळकंठाच्या आईला, शब्द देऊन टाकला होता की मुलाची उडण्याची परीक्षा झाली, लायसन हातात पडले, की दुसऱ्या दिवशी साखरपुडा.

पद्मजाने मला भाकऱ्या करताना एकदाच विचारले होते, “वहिनी, मला तो आवडत नाही, एवढं कारण पुरतं का गं?”

आमच्या घरात तेवढे पुरत नव्हते, आणि हे तिलाही माहीत होते. माझ्या यजमानांनी एकदा विषय काढून बघितला, तर मामंजी म्हणाले की वैमानिकाला नाही म्हणायचे तर आधी दोष दाखवा. जाकीट हा दोष होत नाही.

मला त्याचा राग येत नव्हता. राग यायला समोरच्यात काहीतरी धरायला लागते. हा माणूस म्हणजे दुसऱ्यांनी चघळून टाकलेल्या उसाच्या चोयट्या गोळा करणारा. इंग्रजी शब्द बोलायचा, तेही वेष्टनासकट. ‘टेक-ऑफ’ म्हणताना हात, ‘लँडिंग’ म्हणताना भुवई. आणि या भुवईला माझी नणंद द्यायची होती.

परीक्षा आता पुढच्या आठवड्यात आहे असे त्या घरातून जाहीर झाले. पाठोपाठ निरोप आला की रविवारी संध्याकाळी नीळकंठ मैदानावर तयारी करून दाखवणार आहे, तुम्ही सगळ्यांनी यावे. मामंजींनी कोट घातला. पद्मजाला मी निळे पातळ नेसायला सांगितले, तर ती म्हणाली की मला कुणी उडवणार नाहीये. पण नेसली.

मैदान म्हणजे जिनिंग फॅक्टरीच्या मागची मोकळी जागा. हंगाम संपल्यावर तिथे गुरांशिवाय कुणी नसते. जमिनीवर घोट्याइतका फुफाटा आणि कडेच्या बाभळीच्या काट्यांना कापसाचे पुंजके. तिथे नीळकंठाने दोन बांबू रोवले होते, एकाला लाल फडके, एकाला पांढरे. शेजारी त्याची सायकल. जाकीट, गॉगल आणि पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा. वकिलीणबाईंनी घरून सतरंजी आणवली होती. त्या स्वतः अशा बसल्या होत्या की जणू विमानाची मालकीण त्याच.

नीळकंठाने आधी भाषण केले. परीक्षेत तीन गोष्टी विचारतात. इंजिनाचा जोर काढून घेऊन ठरलेल्या जागी उतरायचे, हे एक. नकाशावरून लांबच्या गावी जाऊन यायचे, हे दुसरे. आणि सगळ्यात अवघड म्हणजे जमिनीवरच्या दोन खांबांवरून हवेत आठाचा आकडा काढायचा. त्यात भलेभले नापास होतात. तो मी आज सायकलवर करून दाखवतो. मापे तीच, फक्त उंची कमी.

उंची कमी, हे त्याने अगदी गंभीरपणे सांगितले.

मग तो सायकलवर चढला. लाल फडक्याच्या बांबूपासून निघाला, तिरका खाली उतरत आला, पांढऱ्या फडक्याजवळ अंग झुकवून एक वळण घेतले, आणि उजवीकडे जो निसटला तो थेट बाभळीपर्यंत. तिथे उतरला, गॉगल कपाळावर चढवला आणि आमच्याकडे बघून हात वर केला. वकिलीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. मामंजींनीही दोन वाजवल्या.

मी फुफाट्याकडे बघत होते. चाकाची रेघ स्वच्छ उमटली होती. आठच होता. आपला आठ. पाटीवर पहिलीतली मुले गिरवतात तो, वरून तिरका येणारा, तळाशी वळणारा आणि हात पसरून निघून जाणारा. असा आठ कुठल्याच खांबाला वळसा घालत नाही. दोन खांब होते, दोन्ही आपापल्या जागी उगीच उभे होते.

पद्मजाकडे बघितले. तीही तिथेच बघत होती. मग ती उठली नाही, आवाजही चढवला नाही. वर्गात शंका विचारावी तसे विचारले.

“यानंतर परत कसं येता?”

नीळकंठ सायकल हातात धरून येत होता. प्रश्न ऐकून थांबला, आणि इतके महिने सांभाळलेले त्याचे इंग्रजी, भुवई, सगळे त्या क्षणी गळून पडले.

“परत कायले यायचं? आठ झाला ना.”

“आणि दोन खांब कशासाठी?”

“खुणेले. एक सुरुवातीले, एक वळाले.”

मला वाटले आता मामंजींच्या ध्यानात येईल. पण मामंजींनी तीस वर्षे रजिस्टरांत मराठी आकडे लिहिले होते. ते त्या रेघेकडे बघून समाधानाने म्हणाले की आठ सुबक आहे, शेपूट जरा लांबली एवढेच. वकिलीणबाई म्हणाल्या, लहानपणापासून याचे अक्षर वळणदार. या दोघांचे असेच चालले असते तर साखरपुड्याचा नारळ तिथेच फुटला असता.

तेव्हा पद्मजा उठली. पदर खोचला, लाल फडक्याच्या बांबूकडे गेली आणि चालायला लागली. घाई नाही. लाल बांबूला बाहेरून वळसा, मग तिरके मैदान कापून पांढऱ्याकडे, त्याला उलट्या अंगाने वळसा, पुन्हा तिरके येऊन आपल्याच पावलांवर फुली पाडत लाल बांबूशी, जिथून निघाली तिथेच. फुफाट्यात चपलांचा दुसरा आठ उमटला, दोन पोटांचा, दोन्ही पोटांत एकेक खांब. नीळकंठाच्या रेघेवरून तो दोनदा गेला होता.

मग वडिलांजवळ येऊन ती म्हणाली, “बाबा, विमान विलायती आहे. आकडाही विलायतीच असणार ना.”

एका आठाकडून दुसऱ्याकडे आणि पुन्हा पहिल्याकडे मामंजींची नजर गेली, कच्चा हिशोब तपासताना जायची तशी. वकिलीणबाई मधेच म्हणाल्या की आमच्याकडे आठ असाच काढतात, ज्याच्या त्याच्या घरची पद्धत. मामंजींनी तेही ऐकून घेतले. मग ते नीळकंठाकडे वळले.

“नीळकंठराव, हा आठ तुम्हाला विमानात बसवून कुणी करून दाखवला?”

नीळकंठ म्हणाला की वर इंजिनाचा आवाज फार, मास्तरांचे बोलणे नीट ऐकू येत नाही.

“ऐकू नाही आलं तरी दिसतं. तुम्ही वर किती वेळा गेलात?”

त्याने क्लिपा काढल्या, पुन्हा लावल्या. आईकडे बघितले. आई सतरंजीवरचा कापसाचा पुंजका उचलत होती.

“एक डाव गेलतो,” तो म्हणाला. “दिवाळीत.”

“मग?”

“वांती झाली.”

बाकीचे हळूहळू बाहेर आले. त्या एका फेरीनंतर तो विमानात बसलाच नव्हता. नागपूरला जायचा, कुंपणाशी उभा राहायचा. आत शिकणाऱ्या पोरांचे बोलणे कानावर पडे, त्यातच कुणीतरी आठाबद्दल बोलताना याने ऐकले. खालून बघणाऱ्याला विमान वळताना दिसते, कोणता आकडा गिरवते ते दिसत नाही. म्हणून याने आपल्या मनाने मराठीत करून घेतला. परीक्षेची तारीखही त्या पोरांपैकीच कुणाची होती.

एवढे बोलून झाल्यावर तो जाकीट न काढता उभा राहिला, घाम कानामागून गळत होता, आणि कबूल करते, क्षणभर मला त्याची कणव आली. दर पंधरा दिवसांनी कुंपणाला नाक लावून उभे राहणारा मोठा माणूस, त्यात काहीतरी होते. पण तेवढ्यात तो म्हणाला, “तसं मनात आणलं तर मी आताही उडवू शकतो,” आणि माझी कणव आल्या वाटेने परत गेली. त्याची आई म्हणाली की उलटी उन्हाने झाली असेल, मी बजावले होते डाळ खाऊ नकोस.

मामंजी छत्री घेऊन उठले. जाताना त्यांनी एकच सांगितले, की माझा शब्द कायम आहे. लायसन आणा, साखरपुडा करू. शब्द मोडला असा बोल कलेक्टर कचेरीच्या हेडक्लार्कला कुणी लावू शकत नाही. फक्त आता तो शब्द पाळायची भीती कुणाला उरली नव्हती. वाटेत त्यांनी पद्मजाला विचारले की तुझी परीक्षा कधी सुरू होते. ती म्हणाली पुढच्या सोमवारी. मामंजी थांबलेच. घरातल्या मुलीची परीक्षा तोंडावर आली आहे आणि आपण दुसऱ्याच्या पोराची बघायला गेलो, हे त्यांच्या चालण्यात घरी पोचेपर्यंत दिसत होते.

आठवडाभराने वकिलीणबाईंनी कुणाच्या तरी हाती निरोप धाडला. मुलगी सुस्वरूप आहे, पण होणाऱ्या सासूसमोर पदर खोचून मैदानात फिरली. अशी फार हिशोबी मुलगी आमच्या घराला झेपायची नाही, तरी राग मानू नये. म्हणजे नकार त्यांच्याकडून आला. त्यांना तो आपल्याच बाजूने हवा होता, आणि आम्हाला तो कुठूनही चालणार होता.

मामंजी ओट्यावर बसले होते. निरोप त्यांनी दोनदा म्हणवून घेतला. मग मला आत हाक मारून म्हणाले, “सूनबाई, यांना चहा दे, बशीत शेवही घाल. आणि तिकडे म्हणावं, आम्हाला फार वाईट वाटलं.”

फार वाईट वाटल्याचा निरोप इतक्या खुशीत गेलेला मी दुसरा पाहिला नाही. शेव मी मूठभर जास्तच घातली.