रांगेत सैल झालेला हात

मंजुरी देणाऱ्या कमिटीने इंजेक्शन नाकारण्याचे कारण केसपेपरवर दोनच शब्दांत दिले होते: ‘कोपर मोकळे.’ मी त्याच दुपारी विभागप्रमुखांना पत्र दिले. सकारण निर्णय लेखी मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. दोन शब्द म्हणजे कारण नव्हे. ज्याने कोपर मोजले त्याचा खुलासा मागवावा. निवृत्तीनंतर मी नागपूरच्या या बाह्यरुग्ण विभागात मानसेवी फिजिओथेरपिस्ट आहे. असला हलगर्जीपणा मी खपवून घेत नाही.

रुग्ण खाप्याची आठ वर्षांची गौरी. हेमिप्लेजिया, म्हणजे मेंदूतील इजेमुळे शरीराची एक बाजू दुबळी. उजव्या दंडाचा स्नायू ताठर असल्याने कोपर दुमडलेलेच राही. ती डाव्या हाताने लिही, आणि धरायला हात नसल्याने वही घसरत जाई. इंजेक्शनने स्नायू काही महिने सैल झाला असता. तेवढ्यात कोपर उघडण्याचा सराव करून घेता आला असता.

विभागप्रमुख मॅडमनी पत्र वाचले आणि केसपेपर माझ्याकडे फिरवला.

“सर, खुलासा कोणाचा मागवू? मोजमापाखाली सही तुमची आहे.”

होती.

“तरीही हात ताठरच आहे,” मी म्हणालो.

“मग तसा कागद द्या. कमिटी कागद बघते.”

बाहेर बाकावर गौरीची आई तिचा हात ताणत बसली होती.

“घरी हात उघडतो का?” मी विचारले.

“कुठचा जी सर! सकाळी फ्रॉक घालाले दोघं लागतो आम्ही. इथं आली का बरा मोकळा होते.”

“इथे आल्यावर काय करता?”

“तासभर ताणून राहिली ना मी! तुम्हीच तं सांगतलं, रांगेत रिकामं बसू नका म्हणून.”

“मले दुखते म्हणलं तरी आयकत नाही हे,” गौरीने तक्रार नोंदवली.

म्हणजे दर वेळी मी व्यायामाने सैल झालेला हात मोजत होतो. तो सैलपणा थोडाच वेळ टिकतो. शिवाय मी कोपर फक्त सावकाश उघडून पाहत होतो. स्पॅस्टिसिटी, म्हणजे हा ताठरपणा, हात वेगाने हलवला की चाळवतो. झटकन उघडताना स्नायू मध्येच अडतो. तो कोन वेगळा नोंदवायचा असतो. मी नोंदवला नव्हता.

पुढच्या सोमवारी गौरी येताच, ताणण्याआधी मोजले. सावकाश उघडले तर कोपर जवळजवळ सरळ; वेगाने उघडले तर काटकोनातच अडले. दोन्ही कोन लिहिले. आधीच्या नोंदी सदोष असून दोष माझा आहे, असे पत्र जोडले.

“तुमचं आजवरचं सर्वांत छोटं पत्र,” मॅडम म्हणाल्या.

इंजेक्शन मंजूर झाले. सहा आठवड्यांच्या सरावानंतर गौरीने उजवी मूठ वहीवर टेकवली. वही घसरली, पण पान संपता संपता.

आधी मोजावे, मग ताणावे. तशी पाटी आता बाकावर लावली आहे. ती कोणी वाचत नाही. म्हणून सोमवारी कोनमापक घेऊन मीच दारात उभा असतो.