बाबांनी मिशिगनची मालगाडी थांबवली

आधीच सांगते, मी काही रेल्वेवेडी नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या माणसाला गाडीचं कसलं आलंय अप्रूप! ॲन आर्बरहून दोन तास ड्राइव्ह करून मी मालगाडी बघायला गेले ती निव्वळ बाबांसाठी. बरं, खरं सांगायचं तर माझ्याच स्वार्थासाठी.

आई गेल्यावर बाबांना सहा महिन्यांसाठी इकडे घेऊन आले. दोन महिने होतात न होतात तोच गुरुवारी जेवताना म्हणाले, "मनू, माझं तिकीट लवकरचं करून दे. मी जातो आता."

"का? काही कमी पडतंय का तुम्हाला?"

"कमी कशाला पडेल? भांडी मशीन धुतं, गवत मशीन कापतं. माझं इथे काम काय, तेवढं सांग."

मला राग आला आणि रडूही. तिकडे रिकाम्या घरात एकटे जाऊन काय करणार हे? पण बाबांशी वाद घालणं म्हणजे इंजिनाला धक्का मारणं. "सोमवारी एजंटला फोन करते," म्हणून मोकळी झाले. म्हणजे माझ्या हातात एक वीकेंड उरला. बाबांनी उभा जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, गार्ड म्हणून काढलाय. म्हटलं, बघू या, गाडीच काही करते का.

अमेरिकेत मोठमोठ्या कंपन्यांच्या मालगाड्या मैलभर लांब असतात, पण त्या कधी येतील ते देवाला ठाऊक. त्यापेक्षा छोट्या लाइनी शोधा. चार गावांपुरता रूळ, दोन-तीन इंजिनं, मूठभर माणसं, गावागावातला माल मोठ्या रेल्वेच्या जंक्शनपर्यंत पोचवायचा आणि रिकामे डबे परत आणायचे, एवढंच काम. अशाच एका लाइनीला मी फोन केला तर ऑफिसातल्या बाईंनी सरळ सांगितलं, "हंगाम आहे, शनिवारीही गाडी चालते. दहा-साडेदहाला डेपोपाशी या."

नकाशात मिशिगन हातमोज्यासारखं दिसतं, त्याच्या अंगठ्यात आम्हाला जायचं होतं. सकाळी सातला निघालो. मी, बाबा आणि माझी अकरा वर्षांची इरा. हायवे तेवीसवर नेहमीप्रमाणे खोदकाम, तेव्हा अर्धा तास जास्तीचा धरा. फ्लिंटच्या पुढे हायवे सोडला की मग नुसती शेतं. मका, सोयाबीन, बीट. बाबा खिडकीला नाक लावून बसले होते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीतच उरकली. तरी गावातल्या डायनरमध्ये ॲपल पाय खाल्ल्याशिवाय येऊ नका. एका प्लेटमध्ये तिघांचं भागतं, आणि वाढणाऱ्या बाई कॉफी संपूच देत नाहीत.

डेपो म्हणजे पिवळ्या रंगाचं लाकडी स्टेशन. पॅसेंजर कधीच बंद झाली, आता तिथे कंपनीचं ऑफिस आहे. वेटिंग रूममध्ये जुने फोटो आणि माहितीचे फलक लावलेत, तिकीट नाही, दारात डबा आहे त्यात वाटेल ते टाकायचं. मी बाबांना वाचून दाखवलं. लाइन टाकली ती जंगलातलं लाकूड न्यायला. जंगल संपलं, मग शेतमाल आला. पुढे मोठ्या कंपनीला परवडेना, ती रूळ उखडायला निघाली. तेव्हा धान्याच्या कोठारवाल्यांनी आणि शेतकऱ्यांनी पैसे जमवून लाइनच विकत घेतली.

"म्हणजे गावाने गाडी ठेवून घेतली," बाबा म्हणाले. बराच वेळ त्या शेतकऱ्यांच्या फोटोसमोरून हललेच नाहीत.

साडेदहाला भोंगा वाजला. डेपोच्या पार्किंगमधून सगळं छान दिसतं, रुळाजवळ अजिबात जायचं नाही. लाल-पांढरं म्हातारं इंजिन माणसाच्या चालीने आलं, मागे धान्याचे डबे. बाबा ताठ उभे राहिले. आणि काय सांगू, माझेही पाय आपोआप जुळले! आमच्याकडे ती शिस्तच. गाडी समोरून जात असली की रेल्वेच्या माणसाने हातातलं काम सोडून उभं राहायचं, एकेक चाक बघायचं, शेवटच्या डब्यापर्यंत. शेवटच्या डब्यावर खूण असते. ती दिसली की गाडी अख्खी आली. नाही दिसली, तर मागचे डबे तुटून वाटेत राहिलेत.

तेरावा डबा गेला. त्याच्यामागे काहीच नाही. गार्डचा डबा नाही, दिवा नाही, पाटी नाही.

"गाडी तुटली!" बाबा ओरडले. मी "अहो बाबा" म्हणेपर्यंत त्यांनी इराच्या कमरेचं लाल जॅकेट ओढलं आणि पार्किंगच्या टोकापर्यंत धावत जाऊन ते डोक्यावर गरागरा फिरवू लागले. सत्तरीचा माणूस!

"मॉम! आजोबा इज स्टॉपिंग अ ट्रेन!"

पुढे वळण होतं, तिथून इंजिनातल्या माणसाला मागचं दिसत होतं. ब्रेक करकरले. गाडी थांबली.

आता पोलीस, दंड, व्हिसा, सगळं डोळ्यांपुढून गेलं. इंजिनातून पन्नाशीची एक दणकट बाई उतरली आणि चालत आली. डेब, या गाडीची कंडक्टर. म्हणजे बाबांचंच पद. मी "सॉरी, सॉरी" म्हणत सगळं समजावलं. ती हसली नाही. म्हणाली, "गार्डचे डबे आमच्याकडून कधीच गेले. त्यामुळे गाडी तुटलेली नाही, एवढीच आहे."

बाबांचा चेहरा पडला. जॅकेटची घडी घालत पुटपुटले, "म्हातारा झालो, पोरी. चल घरी." मला इतकं वाईट वाटलं, कशाला आणलं यांना असं झालं.

तेवढ्यात डेब शेवटच्या डब्यामागे गेली आणि तिथूनच तिने शिवी हासडली. डबे जोडायच्या कपलरच्या वर एक कडी होती, रिकामी. तिथे लाल झेंडी लावायची असते. सकाळी डबे जोडताना डेब ती लावायलाच विसरली होती.

ती बाबांपाशी आली. "रुळाजवळ कोणीही काहीही जोरात हलवलं की आम्ही थांबतो. कोण आहे, बरोबर आहे की चूक, ते नंतर. तुम्ही बरोबर होता."

मी मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, "आमच्याकडेही हेच. पण तिला विचार, गार्ड नाही तर मागे कोण बघतं?"

डेबने खांदे उडवले. "कोणी नाही. आम्ही दोघं, आणि दोघंही पुढे."

तिने झेंडी आणून लावली, बाबांना दाखवून खात्री करून घेतली, मग इंजिनात चढली. गाडी हलली. बाबांनी उजवा हात आडवा, सरळ धरला. सगळं ठीक, असा तो इशारा. झेंडी वळणाआड जाईपर्यंत हात खाली आला नाही. खिडकीतून डेबनेही तसाच हात काढला होता. मी रडत होते आणि इरा माझा व्हिडिओ काढत होती.

परतीच्या वाटेवर बाबा तिकिटाबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मीही विषय काढला नाही. रविवार तसाच गेला.

सोमवारी सकाळी ऑफिसला निघाले तर बाबा ड्राइव्हवेमध्ये उभे, स्वेटर-कानटोपीसकट, माझ्या गाडीच्या मागे वाकून.

"ब्रेक दाब," म्हणाले. दाबला.

"मागचा डावा दिवा गेलाय. किती दिवस अशीच फिरतेयस? बघत नाही का कोणी?"

"बाबा, आज एजंटला फोन करायचाय ना तुमच्या—"

"आधी दिवा बदल. तिकिटाचं मग बघू."

गाडी रस्त्यावर काढली. आरशात बघितलं. ड्राइव्हवेच्या टोकाशी बाबा, उजवा हात आडवा, सरळ. मी वळेपर्यंत तो तसाच होता.