आत कोण खवतंय?

"तुमचा माणूस येऊन गेला, की संध्याकाळी आईचा गुडघा सुजतो." फोनवर नितीनदादा बोलत होते. क्लिनिकमध्ये मॅडमनी फोन स्पीकरवर ठेवला होता. त्यांचा माणूस म्हणजे मी.

मी तेव्हा शेकाच्या टाकीतून हॉट पॅक बाहेर काढत होतो. हाताला चटका बसला, तो नंतर कळला. दादा रागावून बोलत नव्हते, त्याचीच जास्त भीती वाटली. ते खारघरला राहतात. आई, म्हणजे शैलाकाकू, चौलच्या घरी एकट्या. दादांचं म्हणणं सरळ होतं. थेरपीच्या दिवशीच सूज येत असेल तर थेरपी हवी कशाला? दिवाळीला येतो, गुडघा तेव्हाही असाच असला तर घराला कुलूप लावून आईला घेऊन जातो. खारघरला लिफ्ट आहे. इथं ओटीवरून खाली वाडीत उतरायचं म्हटलं तरी उंच पायऱ्या.

वाडी म्हणजे काकूंची नारळी-सुपारीची बाग. तिथून हलायचं त्यांच्या मनात नव्हतं. खारघरचं नाव निघालं की त्या माझ्याशीसुद्धा बोलेनाशा व्हायच्या.

फोन ठेवून मॅडम माझ्याकडं वळल्या.

"गजू, पायाला वजन जास्त बांधलंस का?"

"नाही मॅडम."

"वाकवताना जोर लावलास?"

"नाही."

"मग?"

मी हॉट पॅक टॉवेलात गुंडाळायला लागलो.

मी वाशीमकडचा. नववीनंतर शाळा सुटली. पनवेलला एका हॉस्पिटलात वॉर्डबॉय होतो, तिथून रेवदंड्याला मॅडमच्या क्लिनिकमध्ये आलो. फिजिओथेरपीची डिग्री मॅडमची. तपासायचं आणि व्यायाम ठरवायचे त्यांनी. मी मशीन लावतो, शेक देतो, त्यांनी ठरवलेले व्यायाम घरोघरी जाऊन करून घेतो. हात कुठं धरायचा, कुठं थांबायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. नाहीतर स्ट्रेचर ढकलण्यापलीकडं मला कोण काम देणार होतं? त्यामुळं तक्रार आली की माझ्या डोळ्यांसमोर आधी माझी बॅग येते, भरलेली.

शैलाकाकूंच्या गुडघ्याची झीज झाली होती. झीज म्हटलं की लोकांना ऑपरेशनच दिसतं. हाडांमधली झिजलेली गादी थेरपीनं परत येत नाही, हे खरं आहे. पण मांडीतली ताकद परत येते. मांडीच्या पुढच्या स्नायूंना आम्ही क्वाड्स म्हणतो. ते दमदार झाले की चालताना भार ते पेलतात, सांध्यावर कमी पडतो. म्हणून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, असले साधे व्यायाम. मशीननं दुखणं थोडा वेळ दबतं, तेवढ्यात हे उरकायचं. आणि एक पथ्य, खाली बसायचं नाही. मांडी घालून नाही, उकिडवं तर नाहीच. गुडघा पूर्ण दुमडला की त्याच्यावर फार दाब येतो.

हे मी काकूंना प्रत्येक वेळी विचारायचो. "खाली बसत नाही ना?"

"नाही रे बाबा. खुर्ची सोडत नाही मी."

माझी वेळ दुपारची. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, जेवतोस काय? मी म्हटलं, रूमवर खिचडी लावतो. त्यानंतर त्यांनी मला कधी उपाशी सोडलं नाही. मोड आणलेले वाल एकेक सोलून केलेलं बिरडं, वर मूठभर ओलं खोबरं. घर सोडल्यापासून कुणी माझ्यासाठी वेगळं काही केलं नव्हतं. व्यायाम संपले की काकू आत जायच्या. मी बाहेर मशीनच्या वायरी गुंडाळत बसायचो आणि आतून खवणीचा आवाज यायचा, खर्र खर्र. तो आवाज आला की मला भूक लागायची.

फोननंतरच्या खेपेला मॅडम स्वतः माझ्याबरोबर आल्या. खुर्चीत बसून माझं काम बघत राहिल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "बरोबर करतोयस." मला इतकं हलकं वाटलं की मी वायरी उलट्या गुंडाळल्या.

काकू आत गेल्या. खर्र खर्र सुरू झालं. मॅडमनी मान वर केली.

"आत कोण खवतंय?"

"हिराबाई असतील," मी म्हटलं. हिराबाई वाडीत कामाला येतात. मी तसं धरूनच चाललो होतो.

तेवढ्यात हिराबाई सुपारीची टोपली घेऊन पायऱ्या चढून आल्या. टोपली उतरवत म्हणाल्या, "मी न्हाय वो मॅडम. काकूच बसतात विलीवर. येरवी सुनेनं दिलेली खोबऱ्याची पावडर घालतात. हा येतो तवाच नारल फोडतात."

आम्ही स्वयंपाकघरात गेलो. ज्यांच्या घरी विळी नाही त्यांच्यासाठी सांगतो, विळीचा पाट जमिनीवर ठेवतात आणि तो हलू नये म्हणून एक पाय दुमडून त्यावर दाबतात. पात्याच्या टोकाला खवणी असते. काकूंनी पाटावर दाबला होता तो दुखराच पाय. आम्हाला बघून त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण उठता येईना. मग तशाच बसून खवत राहिल्या.

"काकू, हे कधीपासून चाललंय?" मॅडमनी विचारलं.

काकू नारळाकडंच बघत म्हणाल्या, "पोरगा इतक्या लांबून आलाय. त्याला काय डब्यातली पावडर घालून वाढू?"

मी म्हटलं, "मी दरवेळी विचारत होतो ना तुम्हाला?"

"सांगितलं असतं तर जेवला असतास का?"

ओट्यावर माझं ताट वाढून ठेवलेलं होतं. आधी मीठ, लिंबाची फोड, मग बिरडं. फक्त खोबरं यायचं बाकी. मला मॅडमकडं बघवेना. तासभर मी तो गुडघा सुधारायचो आणि मग जेवून बिघडवायचो. आवाज मी दरवेळी ऐकला होता. कोण खवतंय, हे आत डोकावून बघायला चार पावलं लागली असती. ती टाकली नाहीत, कारण मला जेवण हवं होतं.

काकूंना दोघांनी धरून उठवलं. त्या दिवशी ते जेवण मी जेवलो. कसं, ते विचारू नका.

परतताना स्कूटर मॅडम चालवत होत्या. मी मनात बॅग भरत होतो. रेवदंडा आल्यावर त्या म्हणाल्या, "जेवणाला नाही म्हणू नकोस. मनाला लागेल त्यांच्या. खवायला दुसरं कुणीतरी बसव."

"कोणाला?"

"तुझे गुडघे चांगले आहेत की."

पुढच्या खेपेला काकू आधी ऐकेचनात. पाहुण्यानं खवायचं म्हणजे काय! मी विळी ओढून बसलोच. आमच्याकडं सुकं खोबरं कुटून घालतात, खवणीची सवय नाही. खोबऱ्याबरोबर काळा कीसही पडायला लागला.

"अरे, करवंटी वाढणार आहेस का आम्हाला?" काकू खुर्चीतून म्हणाल्या.

मग आमचं ठरलं. माझी नारळाची वाटी खवून होईस्तोवर त्यांनी खुर्चीत पाय सरळ करायचे, धरायचे, सोडायचे. मी इतका हळू खवायचो की त्यांचा व्यायाम मॅडमनी ठरवल्यापेक्षा जास्तच व्हायचा. हिराबाई दारातून बघून जायच्या. एकदा म्हणाल्या, बाईमाणसाचं काम असं शिकतात व्हय! सूज मात्र उतरत गेली.

दिवाळीला नितीनदादा आले. मॅडमनी मलाही बोलावलं होतं. काकू ओटीवरून वाडीत उतरल्या, शिकवल्याप्रमाणे दुखरा पाय आधी. मग कठड्याला धरून वर चढल्या, चांगला पाय आधी. धाप लागली होती, पण त्या दादांकडं बघत उभ्या राहिल्या.

दादा म्हणाले, "ठीक आहे. पावसाळ्याआधी परत बघू." मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "थँक यू. पण तेव्हा सूज कशानं यायची?"

"वयानं," काकू पटकन म्हणाल्या.

माझा हात दादांच्या हातातच होता. मी म्हटलं, "दादा, सूज माझ्या जेवणामुळं यायची." आणि विळीचं सगळं सांगितलं.

दादा आईकडं वळले. "मी आलो की घावनांबरोबर नारळाचा रस करतेस, तो नारळ कोण खवतं?"

काकू वळल्या. पदराला हात पुसत आत गेल्या. दादांनी माझा हात सोडला आणि ओटीच्या पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "ती विळी कशी धरायची, दाखव जरा."

खाली बसू नका, हे सांगायला मला डिग्री लागत नाही. कोणासाठी बसता, हे विचारायला हवं होतं. आता कुठल्याही पेशंटच्या घरी आतून खर्र खर्र आलं, की मी वायरी तशाच टाकून उठतो.