हॅलोबाईंची बेरीज

माझी धाकटी जाऊ टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले, पण घरी कुणी लांबण लावलं की म्हणायची, "मुद्द्याचं बोला." म्हणूनच आमचं पटलं. ती निवृत्त झाली, पाठोपाठ दीर गेले, मुलगा परगावी. भिंतींकडे बघत बसली असती. मीच तिला वाचनालयामागच्या आमच्या खोलीत ओढून आणलं. शाळा सुटली की सहावी ते आठवीची मुलं तिथे गृहपाठाला येतात. पगार नाही, आणि पंखा नुसता आवाज करतो.

पहिलीच मुलगी समोर बसली तशी ही म्हणाली, "हॅलो, कुठे अडलं?" झालं! मुलांनी नाव पाडलं, हॅलोबाई.

अपूर्णांक शिकवावेत ते तिनेच. "एक छेद दोन, एक छेद तीन. दोघं एक्स्चेंजच्या वेगवेगळ्या बोर्डांवर बसलेत. एका बोर्डावर आणल्याशिवाय जोडणार कसे? आधी छेद सारखे करा."

मग ती रोजच्या रस्त्यावर घर चुकायला लागली. एकदा दुधाचं पातेलं कपाटात सापडलं. तिचा मुलगा परगावाहून धावत आला.

"काकू, खरं सांगा. आईला अजून शिकवता येतं का? येत असेल तर राहू दे इथेच, मी सोबतीला बाई बघतो. नसेल तर घेऊन जातो. तिथे तिचं कुणी नाही, पण करू काय?"

"मला काय विचारतोस? खोलीवर ये आणि बघ."

बघ म्हटलं खरं, पण काय उरलंय ते मला ठाऊक होतं. समीकरणं, टक्केवारी, भूमिती, सगळं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. ती एक बेरीज तेवढी उरली होती. मुलांना हे माझ्याआधी कळलं. आठवीतली लांब वेणीवाली, वर्गात पहिली येणारी, सहावीची तीच बेरीज घेऊन तिच्यापुढे बसलेली मी पाहिली आणि खेकसले, "डोकं आहे की मडकं?" ती कानाशी येऊन म्हणाली, "आजी, आज माझा नंबर आहे." रोज एकाने अडायचं, असं त्यांचं ठरलं होतं.

पुतण्या आला तो मागच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून बसला. वेणीवाली पुढे सरसावली. "हॅलोबाई, अडलं."

काय शिकवलं तिने त्या दिवशी! आवाज खणखणीत, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पोरं माना डोलावत होती. पुतण्याचा चेहरा खुलला. मी मनात म्हटलं, सुटले.

तेवढ्यात ती उठली. बाकांमधून फिरत मागे गेली आणि त्याच्यापाशी थांबली.

"हॅलो. नवीन दिसतोस. कुठे अडलं?"

एरवी शिंक आली तरी खिदळणारी पोरं, एकही हसलं नाही. वेणीवाली घाईने म्हणाली, "बाई, ते..." पुतण्याने हातानेच तिला थांबवलं.

"छेद सारखे करता येत नाहीत," तो म्हणाला.

"मग तोंड काय पाडतोस? सरक." ती शेजारी टेकली आणि तिने पुन्हा सगळं शिकवलं, बोर्डासकट. त्याने मुकाट्याने बेरीज केली.

"आलं की! घरी अभ्यास कोण घेतं?"

"आई घ्यायची."

"मग आईला विचारायचं, बाळा. लाजतोस काय?"

तो तिला त्याच आठवड्यात घेऊन गेला. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार?

तिच्या खुर्चीवर आता मी बसते. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी वेणीवाली समोर येऊन बसली.

"कुठे अडलं?" मी विचारलं.

"कुठेच नाही."

"मग ऊठ. दुसऱ्याला बसू दे."

ती उठली नाही. मीही पुन्हा सांगितलं नाही.