दोन स्क्रू आणि सुनीलची रोड टेस्ट

"बंद पडू देऊ नको! रेस दे बे वसंता, बंद पडू देऊ नको!"

मेश्राम काका अंगणातून ओरडत होते. मी त्यांच्या पिकअपमध्ये बसून ॲक्सिलरेटर पार पत्र्याला टेकवला होता. इंजिन थरथरलं, इतका काळा धूर सोडला की अख्ख्या रुआबांधा वस्तीत ग्रहण लागलं, आणि बंद पडलं. काकांनी बोनेटवर दोन्ही हात टेकले. गाडी बंद पडली की माणूस चिडतो. काका चिडले नव्हते, घाबरले होते.

मी फौजेत गाड्या दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपचा हवालदार. काकांचा पोरगा सुनील माझ्याच हाताखाली नायक होता. आम्ही दोघं स्टील प्लांटच्या सेक्टर 2 च्या क्वार्टरांत वाढलो, एकाच मैदानावर भरतीसाठी धावलो. मी पहिला आलो होतो. (हे तपासायला आता कोणी नाही.) सुनील वर डोंगरात पोस्टिंगला गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून मी दर वर्षी काकांकडे येतो, चहा पितो आणि त्या दिवसाची गोष्ट सांगतो.

गोष्ट मी चांगली सांगतो. पहिल्या वर्षी बर्फ गुडघ्यापर्यंत होता. पुढे कमरेला आला. मागच्या खेपेला बोनेटच्या वर गेला होता आणि सुभेदारसाहेबांच्या मिशीचं एक टोक थंडीने मोडून पडलं होतं, ते आम्ही टॉर्च लावून शोधलं. काकू हसतात. काका ऐकून घेतात.

धूर विरला तसं मी बोनेट उघडलं. एअर फिल्टरच्या पुढे हवेच्या पाइपात बोटाएवढा एअर फ्लो सेन्सर असतो. किती हवा आत चालली ते तो मोजतो आणि तेवढंच डिझेल सुटतं. मी त्याचं सॉकेट काढून गाडी सुरू केली. जरा बरी चालली. म्हणजे सेन्सरच गेला होता.

"काका, याले हात लावला होता का?"

"धूळ बसली होती. गमछानं पुसलं."

"गमछानं? आतली तार केसाहून बारीक असते!"

"साफ गमछा होता बे!"

चाळीस वर्षं प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये रोल पुसलेला हात. तार काय टिकते!

दुर्गहून नवा सेन्सर घेऊन आलो तेव्हा काका तिथंच उभे होते, बोनेटला हात लावून.

"सुनीलची बी अशीच बंद पडली होती ना?" ते म्हणाले.

"कोण म्हणलं?"

"सुनील गेल्यावर जलदानाच्या विधीला घरी लोक जमले होते. कोणीतरी म्हणत होतं, यानं पार्ट बसवला, गाडी घाटात बंद पडली, म्हून दरडीखाली सापडले. तिघं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "माह्या पोराच्या कामानं तीन माणसं गेली काय, वसंता?"

इतकी वर्षं माझा बर्फ ऐकत ते हे पोटात घेऊन बसले होते. मी नवा सेन्सर बोनेटवर ठेवला आणि सांगितलं. जसं झालं तसं.

पोस्टिंगचं नाव सांगत नाही. न सांगायची सवय गेलेली नाही. सकाळी शिपाई मुरुगनच्या छातीत पाणी भरलं. उंचीवर असं होतं, खाली नेणं हाच इलाज. ढग होते, हेलिकॉप्टर नव्हतं. ॲम्ब्युलन्स खाली अडकली होती. उरली एक पिकअप, तिचा एअर फ्लो सेन्सर मेलेला. सपाटीवर सॉकेट काढून भागतं, गाडी अंदाजाने चालते. पण वर हवाच अर्धी, तिथं अंदाज चालत नाही. आणि खाली जायला आधी खिंड चढावी लागायची.

सुनीलने गिअरबॉक्स मोडून उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीचा सेन्सर काढला.

"मेश्राम, कितना टाइम?" सुभेदारसाहेब.

"दस मिनट, साहब."

"पाँच."

चांदणीच्या खाचेचे दोन स्क्रू. हातमोज्यात ते पकडता येत नाहीत. सुनीलने मोजे काढले. पहिला स्क्रू मी आवळला. दुसऱ्याच्या वेळी त्याने स्क्रू-ड्रायव्हर माझ्या हातातून काढून घेतला. आमच्या वर्कशॉपचा कायदा होता: शेवटचा स्क्रू ज्याचा, रोड टेस्टला सीट त्याची. आपण दुरुस्त केलेल्या गाडीत आधी आपण बसायचं. त्या दिवशी रोड टेस्ट म्हणजे खिंडच होती.

स्टिअरिंगवर लान्स नायक जोगिंदर. मागे मुरुगन, त्याच्याजवळ ऑक्सिजन धरून सुनील, रेडिओही त्याच्याकडेच. बर्फ घोट्याएवढा होता.

मी रेडिओ सेटवर होतो.

"वर्कशॉप, ये पिकअप. टॉप पर पहुँच गए. गाड़ी ठीक खींच रही है. ओवर."

"रोजर."

मग सुनील मराठीत आला. सेटवर मराठी बोलायची नसते. "वसंतभाऊ, आवाज आयक."

त्याने माइक इंजिनाच्या बाजूला धरला असावा. चारही सिलिंडर एकसारखे, एक ठोका चुकत नव्हता. मी ऐकत राहिलो. मग सेटमध्ये नुसती खरखर. दरड खिंडीच्या पलीकडच्या उतारावर आली होती.

"इंजिन बंद पडलं नव्हतं, काका. रेडिओ बंद पडला."

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. त्यात वाढवण्यासारखं काही नाही. काकांना बंद पडणाऱ्या इंजिनाची भीती वाटते, मला नीट चालणाऱ्याची. एखादी गाडी एकसारखी चालू लागली की मी पुढच्या क्षणाची वाट बघतो.

मी जुना सेन्सर काढला, नवा बसवला, सॉकेट टिक वाजेपर्यंत दाबलं. पहिला स्क्रू आवळला. दुसऱ्याला हात घातला तर काकांनी स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. चष्मा कपाळावर ढकलला, वाकले, आवळला.

"दोनच असतात काय?"

"दोनच."

ते जाऊन बाजूच्या सीटवर बसले.

मागे मंडपाच्या खुर्च्या लादलेल्या होत्या, काकांचा आता तोच धंदा. मी गाडी दुर्गच्या बाजूला ओव्हरब्रिजवर घातली. चढावर तिसरा गिअर, धूर नाही, गाडी खेचत गेली. वर पोचल्यावर काकांनी काच खाली केली आणि कान बाहेर काढून बसले. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. मी वेग वाढवला नाही. कान माझेही तिकडेच होते.

"जोगिंदर," काका म्हणाले. "मुरुगन." मग काच वर करताना, "आणि आपला."

परत येऊन अंगणात गाडी लावली. काकू दारात उभ्या होत्या. काका उतरून सरळ त्यांच्याजवळ गेले, म्हणाले, "सुनीलची गाडी बंद नव्हती पडली." काकूंनी पदर तोंडाला लावला आणि आत गेल्या.

मी चावी काकांच्या हातात दिली.

"काका, इतकी वर्षं मले विचारलं कावून नाही?"

त्यांनी चावी खिशात टाकली.

"तू दर खेपेला बर्फ वाढवून राहिला होता."