डोंगरवार सर सही करत नाहीत

बालाघाटच्या आमच्या वाचनालयात मागे एक खोली आहे. दोन कपाटं, एक स्कॅनर आणि अभ्यासकांचे न छापलेले मसुदे. कागदांचा एक गठ्ठा आला की सोबत किस्स्यांचे दोन येतात! खोलीचं काम बघणाऱ्या आमच्या वासंतीताई म्हणतात, भाऊ, हेही लिहून ठेवा. पण मला एका जागी बसवत नाही.

त्याला कारण डोंगरवार सर. कॉलेजात मला शिकवायचे, आता वय शहाऐंशी. वारासिवनीपासून रामपायलीपर्यंत धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, लोक जे शब्द बोलतात, त्यांचा कोश त्यांनी जन्मभर लिहिला. मसुदा आमच्याकडे दिला, पण छापायच्या परवानगीवर सही करत नाहीत. म्हणे, कच्चं आहे. सर आहेत तोवरच सही होणार, नंतर कोण करणार? या विचारानं माझी झोप उडाली आहे.

*

सर भारी काटकसरी. सगळा कोश जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, तोही फिक्या पेन्सिलीनं. मी घाईघाईत चार दिवस बसून दोनशे पानं स्कॅन केली. वासंतीताईंनी कॉम्प्युटर उघडला आणि बराच वेळ वाचत बसल्या.

“भाऊ, हे तं बी.ए.च्या पोराचं उत्तर आहे. नापास झालता बिचारा.”

सगळी उलटी बाजू! पुन्हा चार दिवस गेले.

*

वासंतीताईंचंही ऐका. स्वच्छतेची भारी हौस. समासातल्या पेन्सिलीच्या खुणा म्हणजे मळ समजून त्यांनी तीस पानांचे समास रबरानं साफ केले. त्या सरांच्या दुरुस्त्या होत्या. ताई रडायला लागल्या, मी सरांकडे धावलो.

सर आले, आठवून आठवून सगळं परत लिहिलं. जाताना ताईंना म्हणाले, “पहिल्यापेक्षा बरं झालं. पुढचे तीस बी खोडून द्या.”

*

एका शब्दासाठी सर मला रामपायलीला घेऊन गेले. तिथल्या एका आजीनं वेगळाच शब्द सांगितला. परतीच्या बसमध्ये सरांनी कोशातलं त्या शब्दाचं पान टराटरा फाडलं. मी सीटखाली वाकून तुकडे गोळा केले, लोक बघत होते. तुकडे पाकिटात घालून कपाटात ठेवले.

महिन्याभरानं सरांचा फोन. दुसऱ्या गावची माणसं जुनाच शब्द सांगत होती.

“थे पान फेकलं तं नाही न तू?”

“नाही सर.”

“काहून नाही फेकलं? मी तं फाडलं होतं,” म्हणून वरून मलाच रागावले.

*

गेल्या आठवड्यात सर रिक्षानं आले. आता त्यांना अक्षर दिसत नाही. म्हणाले, काहीतरी वाचून दाखव. मी त्यांच्याच मसुद्यातलं रोवणीचं, म्हणजे भातलावणीचं, प्रकरण काढलं. कोणाचं, ते सांगितलं नाही. सर डोळे मिटून ऐकत होते. एकदाही थांबवलं नाही. परवानगीचा फॉर्म टेबलावर तसाच पडलेला.

प्रकरण संपलं. सरांनी डोळे उघडले.

“चांगलं लिहिलं आहे. छापून टाक.”

मी फॉर्म पुढे सरकवला आणि त्यांच्या हातात पेन दिला. म्हटलं, सर, लेखकाची सही लागते.

त्यांनी पेन टोपण लावून माझ्या खिशात ठेवला.

“लेखकाले विचारू नको. तो नाहीच म्हणन.”