खालच्या व्हॉल्व्हची शीळ

पडदा वर जातो तेव्हा मधोमध एक उभी पोलादी टाकी दिसते, दोन पुरुष उंचीची. डावीकडून एक जाड पाइप तिच्या पोटात शिरतो, माथ्यातून एक बारका निघतो, तळातून तिसरा. सकाळचं ऊन शिडीवर आलंय, टाकीच्या खालच्या अंगावर मात्र पांढरं दंव. आणि तळच्या व्हॉल्व्हपाशी गुडघा टेकून बसलेला एक माणूस. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक व्हॉल्व्हवर, मूठ कानाला, डोळे मिटलेले. वैद्याने नाडी पाहावी तसा.

कारखान्यात सगळे त्याला कानसेन म्हणत. टाकीचं काम सांगायला सोपं. दाबाखालचा कच्चा प्रोपेन आत येतो, दाब एकदम उतरतो, त्यासरशी त्यातला हलका वायू उकळून वर पळतो आणि चांगला प्रोपेन द्रव होऊन तळाशी राहतो. तळाचा द्रव संपू द्यायचा नाही, इथेच खरी मेख. द्रव जात असला की व्हॉल्व्ह घरघरतो. द्रव संपून वायू घुसला की शीळ घालतो. काटा फसवेल, कानसेनचा कान फसवणार नाही, असं साहेबलोकही म्हणत. सव्वीस वर्षं त्याने ही टाकी सांभाळली. बायको तिला सवत म्हणायची. तिचं कुजबुजणंही यांना ऐकू येतं, मी ओरडले तरी नाही, असं शेजारणींना सांगायची आणि हसायची.

मग ती हसेनाशी झाली. किटली शिट्टी मारून मारून कोरडी पडली तरी हा शेजारीच पेपर वाचत बसलेला. जाड आवाज त्याला येत. बारीक आवाज मात्र, न रंगलेल्या नाटकाचे प्रेक्षक मागच्या रांगेतून एकेक करून उठावेत, तसे त्याच्या कानातून उठून गेले होते. दरवर्षीच्या कानतपासणीत तो समोरच्या काचेत तपासणाऱ्याच्या हाताचं प्रतिबिंब बघून बटण दाबायचा. पास व्हायचा. टाकी सुटली तर आपण कोण उरणार, याचीच त्याला धास्ती होती.

टाकीचे काटे बघायच्या खोलीत त्याचा मेहुणा बसे, बायकोचा धाकटा भाऊ. कानसेननेच त्याला कारखान्यात चिकटवलेला. त्या दिवशी टाकीतली पातळी दाखवणारा काटा निम्म्यावर खिळून राहिला. मेहुण्याला शंका आली. त्याने वॉकीटॉकीवरून विचारलं, दाजी, जरा खाली ऐकून सांगता का. कानसेनने स्क्रूड्रायव्हर लावला. शेजारच्या पंपाची घरघर आली, तीच त्याने द्रवाची मानली आणि ठीक आहे म्हणून कळवलं. व्हॉल्व्ह तेव्हा शीळ घालत होता. तासाभरात वायू तळच्या पाइपने पुढच्या साठवणीच्या टाकीत जाऊन बसला, दाब चढला, सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला आणि वायू बाहेर पसरला. कुणाचा जीव गेला नाही, तो निव्वळ वाऱ्याच्या कृपेने.

चौकशी बसली. मेहुण्याने सांगून टाकलं की मी कुणालाच विचारलं नाही, चूक माझी. त्याची नोकरी गेल्यातच जमा होती.

संध्याकाळी कानसेन जेवायला बसला. बायकोने ताट वाढलं, आणि त्याला ओठ दिसावेत म्हणून दिव्याच्या उजेडात समोर येऊन बसली. ती केव्हापासून अशी बसत होती, हे त्याला त्या दिवशी उमगलं.

"माझ्या भावाने तुमचं नाव घेतलं नाही," ती म्हणाली. "तुम्ही घ्या."

निवृत्तीला दीडच वर्ष उरलंय, तो तरुण आहे, त्याला दुसरीकडे कुठेही मिळेल, असं बरंच काही त्याने बोलून पाहिलं. तिने मध्ये अडवलं नाही, मानही डोलावली नाही. शेवटी तो ताटावरून उठला आणि शर्ट इस्त्रीला घेतला.

सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून चौकशीच्या खोलीत गेला. टेबलामागे तीन साहेब, कोपऱ्यात मेहुणा. घरी जा ना दाजी, असं तो पुटपुटला; ओठांवरून कानसेनला कळलं. कानतपासणीत काचेतलं प्रतिबिंब बघून आपण कसे पास होत आलो, ते त्याने सांगून टाकलं. सांगताना आवाज किती मोठा झालाय याचा त्याला अंदाज नव्हता. बाहेर व्हरांड्यातली माणसं थबकली. मोठ्या साहेबांनी टोपण लावून पेन खाली ठेवलं आणि विचारलं, म्हणजे व्हॉल्व्ह त्या दिवशी गप्प होता का?

त्या कारखान्यात कानसेन शेवटचं बोलला ते एवढंच.

"नाही साहेब. तो ओरडत होता. या पोरानेही विचारलं होतं. मलाच ऐकू येत नाही, तीन वर्षं झाली."